जे दिल्लीकडे मागतो, ते गावाला का नाकारतो?

केंद्रीय वित्त आयोगाचा अहवाल आला की महाराष्ट्रात एक ठरलेली तक्रार ऐकू येते आणि ती बऱ्याच अंशी रास्तही असते. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्राच्या विभाज्य करांपैकी ४१ टक्के राज्यांना द्यायचे ठरवले. राज्यांच्या त्या हिश्शातून महाराष्ट्राच्या वाट्याला ६.३१७ टक्के आले. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत महाराष्ट्राचा वाटा नऊ टक्क्यांहून अधिक आहे आणि करसंकलनात तर तो त्याहून बराच मोठा आहे. सत्ताधारी कोणीही असो, विरोधी बाकांवर कोणीही बसो, या आकड्यावर विधिमंडळात सहसा एकमत होते. आम्ही कमवायचे, दिल्लीने ठरवायचे, आणि आमच्याच पैशाला अटी लावून तो आम्हाला परत द्यायचा, असा त्या तक्रारीचा मथितार्थ असतो.

याच आयोगाच्या अहवालात आणखी एक प्रकरण होते आणि त्याची चर्चा फारच कमी झाली. ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि महापालिका यांच्यासाठी आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांत ४,३६,३६१ कोटी रुपयांच्या अनुदानाची शिफारस केली. करवाटपात श्रीमंत राज्यांचा हिस्सा कमी करणारा उत्पन्नातील तफावतीचा निकष हे अनुदान राज्याराज्यांत वाटताना लावला नाही. ९० टक्के भार लोकसंख्येला आणि १० टक्के क्षेत्रफळाला दिला. परिणामी महाराष्ट्राला इथे लोकसंख्येच्या प्रमाणात, किंबहुना किंचित अधिकच मिळाले. २०२०-२१ या एका वर्षात देशभरच्या ग्रामीण संस्थांना ६०,७५० कोटी रुपये मंजूर झाले, त्यांतले ५,८२७ कोटी महाराष्ट्राचे होते; म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या वर. दिल्लीच्या ज्या एका खात्यावर आपल्यावर अन्याय होत नाही, ते खाते नेमके गावांचे आणि शहरांचे आहे. त्याच खात्यावरच्या पैशाचा काही भाग आपण आपल्या हाताने घालवला.

या अनुदानाला एक मूलभूत अट होती. पैसा निवडून आलेल्या संस्थेलाच मिळेल. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची, पंचायत समित्यांची आणि प्रमुख महापालिकांची मुदत संपली, आणि तिथे प्रशासक बसले. ग्रामीण अनुदानाची महाराष्ट्रातली वाटणी ग्रामपंचायतींना ८० टक्के आणि वरच्या दोन स्तरांना प्रत्येकी १० टक्के अशी होती. ग्रामपंचायतींच्या निवडणुका टप्प्याटप्प्याने होत राहिल्या म्हणून त्यांचा हिस्सा येत राहिला. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा मात्र थांबला. हा पैसा केंद्राने आकसाने अडवला असे म्हणता येत नाही. अट आधीपासून लिहिलेली होती आणि ती संविधानाशी सुसंगतही होती. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून स्पष्ट बजावलेले आहे, आणि किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महापालिका या खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठासून सांगितले आहे.

इतर मागास प्रवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न खरा होता, हे मान्यच केले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२१ च्या निकालाने आधीचे आरक्षण अडचणीत आले आणि समर्पित आयोग, अनुभवाधिष्ठित माहिती व ५० टक्क्यांची मर्यादा या तीन कसोट्या पार पाडणे राज्याला भाग पडले. पण ही माहिती गोळा करण्याचे काम सरकारचे होते, आणि त्या काळात केंद्राने जनगणनेची आकडेवारी द्यावी की राज्याने स्वतः सर्वेक्षण करावे यावर जो वाद रंगला, त्याची किंमत दोघांपैकी कोणालाच मोजावी लागली नाही. भरीस भर म्हणून प्रभागरचनेचा खेळ झाला. मुंबईत प्रभाग २२७ चे २३६ झाले आणि सरकार बदलताच पुन्हा २२७ झाले. इतर महापालिकांत एका प्रभागातून एक, तीन, चार अशा सदस्यसंख्या सोयीनुसार फिरत राहिल्या. सरपंच थेट जनतेतून निवडायचा हा निर्णय २०१७ मध्ये झाला, २०२० मध्ये रद्द झाला, २०२२ मध्ये परत आला. ज्या संस्थेच्या रचनेचा कायदा पाच वर्षांत तीनदा उलटापालटा होतो, ती संस्था स्वायत्त आहे असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या सर्व २९ महापालिकांसाठी मतदान झाले. छत्रपती संभाजीनगरात तोवर प्रशासकाच्या कारभाराला पावणेसहा वर्षे होत आली होती.

या काळातला एक प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. महापालिकेचे अंदाजपत्रक आयुक्त स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात फेरफार करते, मग ते सभागृहात येते आणि नगरसेवक आपापल्या प्रभागातली गटारे, शाळा, दवाखाने यांवरून त्याचा कीस काढतात. मुंबईत २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी यातले काही घडले नाही. प्रशासक म्हणजे आयुक्तच. त्यामुळे आयुक्तांनी तयार केलेले अंदाजपत्रक प्रशासक म्हणून आयुक्तांनीच मंजूर केले. २०२५-२६ च्या अशा अंदाजपत्रकाचा आकार ७४,४२७ कोटी रुपये होता. कित्येक छोट्या राज्यांच्या अर्थसंकल्पांहून मोठी ही रक्कम एकाही निर्वाचित प्रतिनिधीने हात वर न करता संमत झाली. त्या अधिकाऱ्यांनी काम वाईट केले असे मला म्हणायचे नाही. त्यांतले काही कार्यक्षमही होते. पण कार्यक्षमता हा निकष पुरेसा असता तर विधानसभाही मुख्य सचिवांच्या हवाली करता आली असती, आणि ती सूचना आपले आमदार कशी घेतील हे सांगायला नको.

आता केंद्राकडे वळू, कारण दोष एकट्या राज्य सरकारचा नाही. चौदाव्या वित्त आयोगाने ग्रामीण अनुदान थेट ग्रामपंचायतींना दिले आणि त्यावर बंधने फारशी ठेवली नाहीत. पंधराव्याने २०२१-२२ पासून ६० टक्के रक्कम बंधित केली: निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मी स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित, पण त्यातून वेतन आणि आस्थापनेचा खर्च करायचा नव्हता. दिल्लीतून पाहिले तर या विभागणीत गैर काही नाही. पाणी आणि स्वच्छता कोणाला नको आहे? गावातून मात्र चित्र वेगळे दिसते. आराखडा करायचा महिना आला की ग्रामसभा भरते, या मोहिमेला महाराष्ट्रात ‘आमचा गाव, आमचा विकास’ असे गोजिरे नाव आहे, आणि लोक आपापली कामे सांगतात. कोणी म्हणते, शाळेची भिंत पडायला झाली आहे. कोणी स्मशानशेडचे पत्रे उडाल्याचे सांगते. कोणी शेतरस्त्याचा विषय काढते, आणि तो निघाला की सभा तासभर लांबते. ग्रामपंचायत अधिकारी हे सगळे इतिवृत्तात उतरवून घेतो आणि मग नरमाईने सांगतो की यातले बरेचसे बंधित निधीत बसत नाही. नळयोजना नुकतीच झालेली असली तरी पाण्याच्या शीर्षाखाली काहीतरी काम दाखवावेच लागेल. पुढे तो आराखडा पंचायतींच्या कामांसाठी आणि हिशेबासाठी असलेल्या केंद्राच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो, प्रत्येक कामाला क्रमांक मिळतो, सरपंच आणि अधिकाऱ्याच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागल्याशिवाय ठेकेदाराला रुपया जात नाही, आणि सर्व्हर बंद असला की सरपंचही बंद. पारदर्शकतेसाठी ही व्यवस्था उपयोगी आहे, हे मी नाकारत नाही. चेकबुक कपाटात आणि कपाटाची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला, या जुन्या पद्धतीपेक्षा ती नक्कीच बरी. माझा आक्षेप आहे तो हिशेबाच्या शिस्तीबरोबर प्राधान्यक्रमाचा हक्कही काढून घेण्याला.

आणि जो काही अबंधित हिस्सा उरतो, त्याच्याकडे राज्य सरकारची नजर असतेच. २०२१ मध्ये गावांतल्या पथदिव्यांची वीजबिले थकली, वीज तोडली जाऊ लागली, तेव्हा ही बिले वित्त आयोगाच्या निधीतून भरण्याचा शासन निर्णय झाला. तोवर ही बिले भरण्याचा भार राज्याने उचललेला होता. सरपंचांनी ठिकठिकाणी विरोध केला. त्याआधी ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकांच्या मानधनाचा बोजाही असाच चौदाव्या आयोगाच्या निधीवर टाकण्यात आला होता, आणि तोही गावाने ठरवलेला नव्हता. दिल्लीने गावाला दिलेल्या पैशातून मुंबईने आपली देणी भागवायची, ही युक्ती कागदावर चोख बसते. हीच गोष्ट केंद्राने राज्याच्या बाबतीत केली असती तर संघराज्याच्या गळचेपीवर अग्रलेख झाले असते.

दुखण्याचे मूळ उत्पन्नाच्या रचनेत आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतराज संस्थांच्या आर्थिक स्थितीवर जो अहवाल काढला, त्यानुसार २०२२-२३ मध्ये देशातल्या सरासरी पंचायतीला स्वतःच्या करांतून सुमारे २१ हजार रुपये आणि करेतर उत्पन्नातून सुमारे ७३ हजार रुपये मिळाले. केंद्राच्या अनुदानातून सुमारे १७ लाख आणि राज्याकडून सव्वातीन लाख. म्हणजे शंभरातले पंचाण्णव रुपये वरून आले. वर्षाच्या एकवीस लाखांत जिचे स्वतःचे एक लाखही नाही, त्या पंचायतीचा सरपंच गावापेक्षा तालुक्याच्या कचेरीत जास्त दिसला तर त्याला दोष कसा द्यायचा? घरपट्टीचे म्हणाल तर तिची खरी वसुली मार्चअखेरीस होते आणि त्याहून जोरात निवडणुकीचे अर्ज भरायच्या आठवड्यात होते, कारण थकबाकीदाराची उमेदवारी धोक्यात येते. घरपट्टी वाढवण्याचा ठराव कोणताही सरपंच आनंदाने मांडत नाही. भावकीतच राहायचे असते.

पण हे अशक्य आहे असे समजू नये. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोदा गावाने कर भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत देण्याची रीत पाडली आणि वसुलीचा प्रश्न बराचसा मिटवला. त्यात क्लृप्ती होती, पण तिच्यामागचा हिशेब साधा होता: कराच्या पावतीचा परतावा घरात, पिठाच्या डब्यात दिसला. असे प्रयोग करायला ग्रामपंचायतीला मोकळीक लागते, आणि पोर्टलवर त्यासाठी शीर्ष नसते.

शहरांची गोष्ट निराळी आणि अधिक बोधप्रद आहे, कारण शहरांकडे स्वतःचे भक्कम उत्पन्न होते आणि ते काढून घेतले गेले. जकात हा वाईट कर होता. नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत, चिरीमिरीला ऊत येई, आणि मालाच्या मुक्त वाहतुकीला तो अडथळाच होता. त्याच्यासाठी गळा काढण्याचे कारण नाही. मात्र एकट्या मुंबईला त्यातून वर्षाला सात हजार कोटींच्या आसपास मिळत, रोजच्या रोज मिळत, आणि त्यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या चढाव्या लागत नसत. बाकी महापालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराने हा सगळा अध्यायच संपवला. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली ५२ क्रमांकाची नोंद, जिच्या आधारे जकात घेतली जाई, ती वगळली. नव्या कराचे दर आणि वाटणी ठरवणाऱ्या परिषदेत केंद्राला आणि राज्यांना जागा मिळाली. ज्यांचा कर प्रत्यक्षात गेला त्या शहरांना मिळाली नाही. जुलै २०१७ मध्ये राज्याच्या अर्थमंत्र्यांनी मुंबई महापालिकेच्या मुख्यालयात जाऊन महापौरांना भरपाईचा पहिला धनादेश दिला, ६४७ कोटी रुपयांचा. तिथे दोन मित्रपक्षांच्या घोषणाबाजीचा जो तमाशा झाला तो अनेकांना आठवत असेल. त्या गदारोळात एक गोष्ट निसटली. आदल्या महिन्यापर्यंत ज्या शहराने आपला कर आपण गोळा केला होता, ते आता धनादेशाची वाट पाहणारे झाले होते.

भरपाईचे दरही बोलके आहेत. राज्यांनी केंद्राकडून पाच वर्षे वार्षिक १४ टक्के वाढीची हमी कायद्याने घेतली. महाराष्ट्राने महापालिकांसाठी केलेल्या भरपाईच्या कायद्यात ही वाढ २०१६-१७ च्या पायावर ८ टक्के ठेवली. महापालिकांची भरपाई पाच वर्षांनंतरही चालू राहिली, ही जमेची बाजू खरीच. तरीही, २०२० मध्ये करोनाच्या काळात केंद्राने ‘दैवी घटना’ म्हणून भरपाईबाबत हात आखडता घेतला, तेव्हा महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी जे युक्तिवाद केले, ते शब्दशः महापालिकांनी राज्यापुढे करावेत असे होते. अवलंबून राहणाऱ्याची अवस्था काय असते याचा तो अनुभव होता. त्यातून आपण खालच्यांसाठी काही शिकलो असे मात्र दिसले नाही. उलट मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून माफ झाला. मागणी शहरातलीच होती, हे खरे. पण निर्णयाची मोहोर राज्याची आणि तूट महापालिकेच्या हिशेबात, अशी ही वाटणी झाली. दुसऱ्याच्या उत्पन्नातून दिलेली माफी नेहमीच उदार असते.

यावर नेहमीचा प्रतिवाद असा की स्थानिक संस्थांना पैसा आणि अधिकार दिले तर ते ठेकेदार आणि टक्केवारीच्या घशात जातील. हा आक्षेप हवेतला नाही. नगरपालिकांच्या कारभाराचा ज्याला थोडाबहुत अनुभव आहे तो तो झटकून टाकणार नाही. परंतु त्याच न्यायाने राज्य सरकारच्या कोणत्या खात्याला निधी द्यावा? भ्रष्टाचार आहे म्हणून कोणी पाटबंधारे खाते बंद करा म्हणत नाही. चौकशी होते, लेखापरीक्षण होते, सरकार पडते. नगरसेवकाला पाडण्याची संधी मात्र मतदारांना काही शहरांत चार, तर काही शहरांत पावणेसहा वर्षे मिळाली नाही. शिवाय अधिकार न देता जबाबदारी मागायची, ही आपल्या महापालिका कायद्यांची जुनी खोड आहे. मुंबईचा कायदा १८८८ चा, बाकीच्यांचा १९४९ चा; दोन्हींत कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे, आणि आयुक्त राज्याने नेमलेला. महापौर स्वागताला पुढे आणि निर्णयाला मागे. स्मार्ट सिटी योजनेने २०१५ मध्ये यावर कडी केली. शहराच्या कामासाठी स्वतंत्र कंपनी काढली, आणि सभागृहाला आपल्याच शहरातल्या प्रकल्पांचे बाहेरचे भागधारक करून ठेवले.

महाराष्ट्राला हे सारे नवखे असते तर समजण्यासारखे होते. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या, तेव्हा शाळा, आरोग्य, रस्ते असा मोठा कारभार खऱ्या अर्थाने जिल्ह्याकडे देणारे हे राज्य देशात पुढे होते, आणि तेही घटनादुरुस्तीच्या तीस वर्षे आधी. पुढच्या दोन पिढ्यांचे कितीतरी मंत्री या परिषदांतून घडले. आज जिल्ह्याचा निधी ठरतो तो जिल्हा नियोजन समितीत, आणि तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. या समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी आपल्यातून निवडावेत असे संविधानाच्या २४३ झेडडी या कलमात आहे. प्रशासकांच्या काळात हे चार पंचमांश अस्तित्वातच नव्हते. समित्यांच्या बैठका मात्र होत राहिल्या आणि कोट्यवधींची कामे मंजूर होत राहिली.

केरळने १९९६ मध्ये राज्याच्या योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांना द्यायचे ठरवले. निधी देण्याबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे. प्रत्येक पंचायतीला आणि नगरपालिकेला किती रक्कम मिळणार हे राज्याच्या अर्थसंकल्पाच्या चौथ्या परिशिष्टात नावानिशी छापले जाते. तिथला सरपंच आपल्या वाट्याचा आकडा अर्थसंकल्पाच्या दिवशी वाचू शकतो. त्यासाठी त्याला आमदाराच्या गाडीमागे धावावे लागत नाही. केरळच्या तिजोरीची अवस्था चांगली नाही आणि हप्ते तिथेही लांबतात, हे जमेस धरूनही ही पद्धत उचलण्यासारखी आहे. तिला घटनादुरुस्ती लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही, आणि खर्च काही पानांच्या छपाईचा.

महाराष्ट्रात हे करायला योग्य वेळ आहे. राज्याच्या उत्पन्नातला स्थानिक संस्थांचा वाटा सुचवणारा राज्य वित्त आयोग दर पाच वर्षांनी नेमणे बंधनकारक आहे. त्या हिशेबाने आपण सातव्या आयोगापर्यंत पोहोचायला हवे होते. सहावा २०२५ मध्ये नेमला गेला. त्याचा अहवाल येईल तेव्हा तो कृती अहवालासह विधिमंडळात ठेवावा लागेल, आणि खरा प्रश्न असेल तो राज्याच्या स्वतःच्या कर उत्पन्नाचा, विशेषतः राज्याच्या वस्तू व सेवा कराचा, ठराविक टक्का कायद्याने स्थानिक संस्थांच्या नावे लिहिला जातो की नाही हा. टक्का किती यावर घासाघीस व्हावी. तो असावा की नसावा यावर होऊ नये. सोबत, राज्याने स्थानिक कर माफ केला तर त्याची तूट राज्याच्याच अर्थसंकल्पातून त्याच वर्षी भरावी, आणि वित्त आयोगाच्या अबंधित निधीवर शासन निर्णयाने नवा खर्च लादण्याला मनाई असावी. केंद्राकडे मागायचे ते एवढेच की १ एप्रिल २०२६ पासूनच्या सोळाव्या आयोगाच्या काळात हिशेबाची शिस्त कितीही कडक ठेवावी, पण पाण्याची गरज आहे की भिंतीची, हे गावाला ठरवू द्यावे.

नव्याने निवडून आलेल्या सभागृहांमध्ये पहिले काही महिने सत्कार, समित्यांच्या निवडी आणि दालनांचे वाटप यांत जातील, हे गृहीत आहे. त्यातून वेळ मिळाला तर नगरसेवकांनी आणि जिल्हा परिषद सदस्यांनी आपल्या प्रशासनाकडे एक साधा तक्ता मागावा: प्रशासकाच्या काळात वित्त आयोगाचा, मुद्रांक शुल्काच्या अधिभाराचा आणि भरपाईचा किती पैसा येणे होता, किती आला, आणि जो आला नाही तो कोणाकडे व कोणत्या कारणाने अडला आहे. हा तक्ता पक्षाच्या वरिष्ठांना न विचारता, ठराव करून जाहीर करायचा. कोणत्या सभागृहाला ते जमते, ते पाहू.